साक्षी आणि दंतकथा : मँचेस्टरच्या रॉक संगीतविषयक आठवणींचे स्वरूप

मँचेस्टर हे नाव मराठी वाचकास प्रथम परिचित झाले ते कापडामुळे. स्वदेशीच्या चळवळीत विलायती कापडाचा निषेध करावयाचा म्हणजे मँचेस्टरचा निषेध करावयाचा, इतके ते समीकरण दृढ होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील गिरण्या बंद पडत गेल्या, वखारी ओस पडल्या, आणि १९७० नंतरच्या दशकात याच ओस वखारींतून तरुणांचे लहानलहान बँड अल्प भाड्याने खोल्या घेऊन सराव करू लागले. पुढे या शहराची जगभर जी नवी ख्याती झाली ती त्यांच्या संगीतामुळे. त्या संगीताचे मूल्यमापन हा येथील विषय नव्हे. त्या वर्तुळात वावरलेल्या स्त्रीपुरुषांनी मागाहून लिहिलेल्या आठवणींचा एक मोठा ग्रंथसंभार गेल्या तीस वर्षांत इंग्रजीत निर्माण झाला आहे. संगीताचे चाहते तो माहितीसाठी वाचतात. वृत्तपत्रे त्यातील भांडणे तेवढी उचलतात. परंतु या आठवणींचे निवेदन कोणत्या जागेवरून झाले आहे, आणि त्या जागेमुळे त्यांच्या प्रामाण्यात व वाङ्मयीन गुणात काय फरक पडतो, हा प्रश्न स्मृतिवाङ्मयाच्या अभ्यासकास महत्त्वाचा वाटावा असा आहे.

या सर्व आठवणींचा प्रारंभबिंदू एकच आहे. ४ जून १९७६ रोजी लंडनचा 'सेक्स पिस्टल्स' हा बँड मँचेस्टरच्या 'लेसर फ्री ट्रेड हॉल'मध्ये वाजविण्यास आला. कार्यक्रम ठरविला होता हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोन तरुणांनी. तिकीट पन्नास पेन्सांचे होते. श्रोते जेमतेम चाळीस असावेत, असे बहुतेक निवेदक सांगतात. या चाळिसांत पुढे 'जॉय डिव्हिजन' हा बँड काढणारे बर्नार्ड समनर व पीटर हुक होते, तसाच पुढे 'द स्मिथ्स'चा गायक झालेला मॉरिसी हाही होता. हुक यांनी दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतले. २० जुलैला तोच बँड पुन्हा आला तेव्हा श्रोते पुष्कळ अधिक होते. इयन कर्टिस यांनी त्यांना ऐकले ते या दुसऱ्या कार्यक्रमात.

इतकी घटना. परंतु पुढील काळात, आपण त्या पहिल्या रात्री हजर होतो असे सांगणारांची संख्या त्या सभागृहाच्या आसनसंख्येस पुरून उरेल इतकी वाढली. डेव्हिड नोलन यांनी या एका रात्रीच्या उपस्थितीचीच चौकशी करून ग्रंथ लिहिला आणि त्यास 'आय स्वेअर आय वॉज देअर', म्हणजे 'शपथेवर सांगतो, मी तेथे होतो', असे मिस्किल नाव दिले. दूरचित्रवाणीवरील निवेदक आणि पुढे 'फॅक्टरी रेकॉर्ड्स' या संस्थेचे प्रमुख चालक झालेले टोनी विल्सन हे आयुष्यभर त्या पहिल्या कार्यक्रमाचे वर्णन करीत राहिले; पण ते स्वतः तेथे होते काय, याविषयीच मतभेद आहेत. त्यातून एक गोष्ट दिसते. या आठवणींत 'मी काय पाहिले' यापेक्षा 'मी तेथे होतो' या विधानास अधिक मोल आले. उपस्थिती हेच भांडवल ठरले. त्या चाळिसांपैकी कोणीही त्या रात्री कोणती गाणी कोणत्या क्रमाने झाली, याचे जे वर्णन करतो ते सहसा अंधुक असते. मात्र आपण कोठे बसलो होतो हे तो ठामपणे सांगतो.

या वास्तूचेच काही प्राक्तन असे असावे की काय, असा विनोदी विचार मनात येतो. १८१९ मध्ये जेथे निःशस्त्र सभेवर घोडेस्वार घालून पीटर्लूचे हत्याकांड झाले, त्या मैदानाच्या जागेवर ती उभी आहे. तिच्याच मोठ्या सभागृहात १७ मे १९६६ रोजी बॉब डिलन विजेचे गिटार घेऊन गात असता एका श्रोत्याने त्यास 'यहूदा' म्हणून हिणविले. त्या कार्यक्रमाचे चोरटे ध्वनिमुद्रण कित्येक वर्षे लंडनच्या 'रॉयल आल्बर्ट हॉल'मधील म्हणून विकले गेले. १९९८ मध्ये ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले तेव्हाही ते चुकीचे नाव अवतरणचिन्हांत घालून तसेच ठेवावे लागले, कारण लोकांना ते त्याच नावाने माहीत होते. ध्वनिमुद्रणासारखे निर्जीव साधनही जेथे स्थळाविषयी खोटे बोलू शकते, तेथे माणसांच्या स्मृतीस फार दोष देता येत नाही.

विल्सन यांचे '२४ अवर पार्टी पीपल' हे पुस्तक २००२ साली आले. मायकेल विंटरबॉटम यांनी त्याच नावाचा चित्रपट काढला त्याची ती कादंबरी-आवृत्ती होय. अर्थात जो स्वतः चित्रपटाचा नायक, तोच चित्रपटावरून स्वतःच्या आयुष्याची कथा लिहितो, असा हा विलक्षण प्रकार आहे. चित्रपटात विल्सन यांचे पात्र वारंवार प्रेक्षकांकडे वळून, सत्य आणि आख्यायिका यांत निवड करावयाची झाल्यास आख्यायिकाच छापावी, असा पक्ष घेते. एका प्रसंगी तर डेव्होटो स्वतः पडद्यावर येतात आणि नुकत्याच दाखविलेल्या प्रसंगाविषयी, असे काही घडल्याचे आपणास आठवत नाही, असे सांगून जातात. या प्रांजळपणाचे पुष्कळ कौतुक झाले. मराठी वाचकास येथे बखरीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. बखरकारालाही इतिहास माहीत नसतो असे नव्हे. त्याला धन्याचा पराक्रम रसाळपणे सांगावयाचा असतो आणि त्यासाठी तो संख्या फुगवितो, भाषणे रचतो, दोन प्रसंगांचा एक करतो. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढताना बखरींच्या या वृत्तीवर कठोर टीका केली आणि अस्सल पत्रांचे प्रामाण्य पुढे मांडले. पुढील अभ्यासकांनी बखरीस वाङ्मय म्हणून न्याय दिला, हेही खरे. विल्सन यांच्या पुस्तकास तसा न्याय द्यावयास हरकत नाही. त्यात उत्साह आहे, शहराविषयीचा अभिमान आहे, स्वतःला हास्यास्पद करून घेण्याची तयारी आहे. प्रश्न असा आहे की, आख्यायिका छापली गेली म्हणजे तिची किंमत कोण देतो? बखरीत ज्यांना जागा नसते त्यांनी ती दिलेली असते.

या प्रश्नाचे उत्तर विल्सन यांच्या पुस्तकाच्या सात वर्षे आधीच लिहिले गेले होते. डेबोरा कर्टिस यांचे 'टचिंग फ्रॉम अ डिस्टन्स' १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. इयन कर्टिस हे 'जॉय डिव्हिजन'चे गायक आणि गीतकार. डेबोरा त्यांच्या पत्नी. २३ ऑगस्ट १९७५ रोजी विवाह झाला तेव्हा वर एकोणीस वर्षांचा व वधू अठरा वर्षांची होती. मँचेस्टरजवळच्या मॅकल्सफील्ड या लहान गावात त्यांनी संसार मांडला. इयन रोजगार कचेरीत नोकरी करीत, रात्री बँडबरोबर वाजवीत, आणि घरातील एक खोली त्यांनी गीतलेखनासाठी राखून ठेवली होती. १९७८ च्या डिसेंबरात लंडनहून कार्यक्रम करून परतताना त्यांना अपस्माराचा पहिला मोठा झटका आला. १९७९ च्या एप्रिलमध्ये कन्या झाली. जूनमध्ये 'अननोन प्लेझर्स' ही पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. १८ मे १९८० रोजी, बँड अमेरिकेस निघावयाच्या आदल्या दिवशी, इयन यांनी मॅकल्सफील्डच्या राहत्या घरी आत्महत्या केली. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते.

या चरित्राची आख्यायिका होण्यास फार काळ लागला नाही. अल्पायुषी कवी, करडी शहरे, मृत्यूनंतर निघालेली दुसरी ध्वनिमुद्रिका, हे सर्व साहित्य तयारच होते. श्रीमती कर्टिस यांचे पुस्तक या आख्यायिकेशी वाद घालीत नाही. ते तिच्या शेजारी घरखर्चाची वही आणून ठेवते. पैसे कोठून आले, कोणत्या गोष्टीस पुरले नाहीत, गरोदर अवस्थेत कार्यक्रमास जाणे कसे अवघड झाले, बँडच्या मंडळींना बायकामैत्रिणींनी कार्यक्रमास येणे कसे नकोसे वाटू लागले, पाळलेले कुत्रे पोसणे न परवडल्याने दुसऱ्याकडे कसे द्यावे लागले, या गोष्टी ती सांगते. कुत्र्याचा प्रसंग वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु ज्या काळात इंग्लंडमधील संगीतविषयक नियतकालिके इयन यांच्या छायाचित्रांनी भरत होती, त्याच काळात त्या घरात एका कुत्र्याचे पोट भरणे कठीण झाले होते, ही गोष्ट दुसऱ्या कोणत्या साक्षीदाराने सांगितली असती? तो साक्षीदार स्वयंपाकघरात असावयास पाहिजे होता.

ग्रंथाचे नाव यादृष्टीने अर्थपूर्ण आहे. स्पर्श आहे, पण दुरून. ज्या जीवनाची ती पत्नी म्हणून भागीदार होती, त्याचा महत्त्वाचा भाग तिला इतरांकडून, उशिरा, तुकड्यातुकड्यांनी कळला. पतीचे दुसऱ्या स्त्रीशी असलेले संबंधही तसेच कळले. येथे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे स्मरण अपरिहार्य आहे. तेथेही पती कवी आहे, लहरी आहे, घर आणि जग यांत जगाकडे धावणारा आहे. तेथेही पतीच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या घटनेची, १८९५ मधील धर्मांतराची, वार्ता पत्नीस दुरून कळते. दोघींच्या निवेदनाचे बळ या दुरावलेल्या जवळिकीत आहे. साम्य येथेच संपते, हेही सांगितले पाहिजे. लक्ष्मीबाईंना विनोदाची देणगी होती आणि त्या विनोदामुळे टिळकांवरील राग व प्रेम एकाच वाक्यात नांदू शकत. श्रीमती कर्टिस यांच्यापाशी ती देणगी नाही. त्यांचे गद्य सरळ, काहीसे कोरडे आहे. काही ठिकाणी ते तक्रारीच्या पातळीवर उतरते. दुसऱ्या स्त्रीस या पुस्तकात स्वतःचा आवाज नाही. वाचकाने तो अन्यत्र शोधावयाचा आहे. आणि सर्वांत मोठा दोष हा की, शेवट माहीत असल्याने लेखिका आरंभापासून त्याची बीजे वेचीत जाते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूविषयक कल्पना कित्येक घरांत दिसून येतात. त्यांपैकी बहुतेक मुले पुढे म्हातारी होतात. येथे मात्र प्रत्येक कल्पना पूर्वचिन्ह ठरते.

हा दोष केवळ या लेखिकेचा नव्हे. उत्तरज्ञानाचा हा दोष सर्वच निवेदकांस चिकटला आहे. फक्त त्याची दिशा निराळी आहे. पीटर हुक यांचे 'अननोन प्लेझर्स : इनसाइड जॉय डिव्हिजन' २०१२ मध्ये, बर्नार्ड समनर यांचे 'चॅप्टर अँड व्हर्स' २०१४ मध्ये, आणि ड्रमवादक स्टीफन मॉरिस यांचे 'रेकॉर्ड प्ले पॉज' २०१९ मध्ये आले. श्रीमती कर्टिस यांना सर्वत्र चिन्हे दिसतात, तर या तिघांची कबुली अशी की, त्यांना एकही चिन्ह दिसले नाही. इयन यांच्या गीतांतील शब्दांकडे आपण त्या वेळी लक्षच दिले नव्हते, हे तिघांनीही निरनिराळ्या शब्दांत सांगितले आहे. पत्नीस सारे दिसत होते पण तिला जवळ येऊ दिले जात नव्हते. मित्र जवळ होते पण त्यांना दिसत नव्हते. या चार पुस्तकांचे एकत्र वाचन केल्यावाचून ही गोष्ट ध्यानात येत नाही, आणि तीच या वाङ्मयातील सर्वांत मोठी शोकात्म वस्तू आहे.

८ एप्रिल १९८० चा बरी येथील कार्यक्रम याचे उदाहरण म्हणून पुरेसा आहे. औषधे अधिक प्रमाणात घेऊन आत्मघाताचा प्रयत्न केल्यामुळे इयन यांना इस्पितळात ठेवले होते. तेथून निघून ते कार्यक्रमास आले. त्यांनी थोडीच गाणी म्हटली, उरलेली इतर गायकांनी निभावली, श्रोते खवळले, बाटल्या फेकल्या गेल्या, दंगल झाली. हुक हा प्रसंग सांगतात तेव्हा त्यांची लेखणी स्वभावतः मारामारीकडे धावते. सॅलफर्डच्या गल्लीतील बेधडक भाषा, शिव्या, थट्टा हे त्यांचे शैलीधन आहे, आणि ते पुष्कळदा मनोरंजकही आहे. परंतु दंगलीचे वर्णन संपल्यावर, आजारी माणसास त्या रात्री तेथे येऊच कसे दिले, हा प्रश्न ते स्वतःस विचारतात, तेव्हा थट्टा एकदम थांबते. त्या थांबण्यात जो प्रत्यय आहे तो त्यांच्या विनोदी पानांत नाही.

समनर यांची प्रकृती निराळी. ते संकोची लेखक आहेत. सॅलफर्डमधील लोअर ब्रॉटन या बालपणीच्या वस्तीचे वर्णन, आणि नगरसुधारणेच्या नावाखाली ती वस्ती पाडली गेल्यावर आपले सारे बालपण नाहीसे झाल्याची जाणीव, हा त्यांच्या पुस्तकाचा उत्कृष्ट भाग होय. त्या संगीतातील विषण्णतेचे मूळ समनर या पाडापाडीत शोधतात. हे स्पष्टीकरण अपुरे असेल, पण ते एका माणसाच्या मृत्यूवरून सबंध संगीताचा अर्थ लावण्यापेक्षा अधिक समंजस आहे. त्याच पुस्तकास एक परिशिष्ट जोडले आहे : समनर यांनी हौसेने इयन यांच्यावर संमोहनाचा प्रयोग केला होता, त्याच्या ध्वनिफितीचे ते लेखी रूप. मृत मित्राच्या अर्धजागृत अवस्थेतील बोलणे छापावे काय, हा औचित्याचा प्रश्न आहे. आणि त्यास उत्तर 'नाही' असेच द्यावे लागेल. तथापि एवढ्या ग्रंथसंभारात उत्तरज्ञानाने न डागाळलेले इयन यांचे शब्द फार थोडे आहेत, त्यांत याचा समावेश करावा लागतो, ही अडचण उरतेच.

हुक आणि समनर यांच्या पुस्तकांचे वाचन करताना आणखी एक सावधगिरी अवश्य आहे. इयन यांच्या मृत्यूनंतर उरलेल्यांनी काढलेल्या 'न्यू ऑर्डर' या बँडमधून हुक २००७ साली बाहेर पडले, आणि नावाच्या व उत्पन्नाच्या हक्कांवरून चाललेला वाद २०१७ मध्ये तडजोडीने मिटला. म्हणजे ही पुस्तके भांडणाच्या ऐन भरात लिहिली गेली. १९७८ मधील एखाद्या प्रवासात गाडी कोणी चालविली आणि झोपून कोण राहिले, यासारख्या तपशिलास त्यांत जे वजन येते ते १९७८ चे नसून पुढच्या काळाचे असते.

या सर्वांत रचनेच्या दृष्टीने अभिनव पुस्तक हुक यांचेच आहे, पण ते वरील नव्हे. 'द हासिएंडा : हाऊ नॉट टू रन अ क्लब' हे त्यांचे २००९ चे पुस्तक व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्टवरील त्या नृत्यगृहाविषयी आहे, जे फॅक्टरी रेकॉर्ड्स आणि न्यू ऑर्डर यांनी २१ मे १९८२ रोजी उघडले, जे १९९७ मध्ये बंद झाले, आणि २००२ मध्ये जे पाडून त्या जागी त्याच नावाच्या सदनिका बांधण्यात आल्या. या ग्रंथात आठवणींच्या शेजारी कार्यक्रमांच्या तारखा आणि जमाखर्चाचे ताळेबंद छापले आहेत. एका बाजूस दंतकथा बनलेल्या रात्रींचे बहारीचे वर्णन, आणि लगेच पुढे त्या वर्षाचा तोटा. फॅक्टरी संस्थेस प्रत्येक गोष्टीस क्रमांक देण्याचा छंद होता. नृत्यगृहास ५१, तेथील मांजरास १९१, आणि विल्सन २००७ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या शवपेटीसही ५०१ हा क्रमांक मिळाला. स्वतःच्या आठवणींची नोंदवही घटना घडत असतानाच तयार करणारी ही संस्था १९९२ मध्ये दिवाळखोर झाली. हुक यांचे ताळेबंद त्या दिखाऊ क्रमांकांना दिलेले उत्तर आहे. बँडच्या ध्वनिमुद्रिका विकून आलेला पैसा कोठे गेला, हे ज्यास कळले नाही असा माणूस म्हातारपणी हिशेब मागतो आहे, आणि हिशेब मागता मागता त्याचे हसू येते. त्याला स्वतःलाही येते. राजवाडे यांना हे पुस्तक बखरीपेक्षा खात्रीने जवळचे वाटले असते.

'द फॉल' या बँडविषयीची दोन पुस्तके येथे थोडक्यात नोंदली पाहिजेत. चालक मार्क ई. स्मिथ यांचे 'रेनेगेड' (२००८) आणि बेसवादक स्टीव्ह हॅन्ली यांचे 'द बिग मिडवीक' (२०१४). साठांहून अधिक वादक ज्या बँडमधून आले आणि गेले, त्याचा चालक वादकांविषयी तुच्छतेने लिहितो, यात नवल नाही. आणि सुमारे दोन दशके निमूटपणे बेस वाजविणारा माणूस सर्व काही पाहत होता, हे त्याच्या पुस्तकावरून कळते. शांत माणसांची स्मृती दीर्घ असते असे दिसते. वाङ्मयीन दृष्ट्या हॅन्ली यांचे पुस्तक सरस आहे.

उरला तो संवादसंकलनाचा प्रकार. जॉन सॅव्हेज यांनी २०१९ मध्ये 'जॉय डिव्हिजन'विषयी असे एक संकलन सिद्ध केले. ऑड्री गोल्डन यांनी २०२३ मध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्समधील स्त्रियांच्या मुलाखतींचे. या प्रकारात संपादक दिसत नाही. साक्षी एकापुढे एक मांडल्या जातात आणि विसंगती उघड्या ठेवल्या जातात. वाचकास वाटते की, येथे निवेदकच नाही. वस्तुतः कोणती साक्ष कोठे तोडावयाची आणि कोणापुढे ठेवावयाची, हा सर्व निवेदकाचाच अधिकार आहे, आणि तो अदृश्य असल्याने अधिक प्रबळ आहे. सॅव्हेज हे स्वतः त्या काळचे पत्रकार, श्रीमती कर्टिस यांच्या पुस्तकाचे प्रस्तावनाकार. त्यांची निवड जाणत्याची आहे, तरी तीत मुख्य आवाज पुन्हा त्याच पुरुषांचे आहेत. गोल्डन यांच्या संकलनात मात्र कचेरी चालविणाऱ्या, नृत्यगृहाचे काम पाहणाऱ्या, चित्रफिती काढणाऱ्या स्त्रिया बोलतात. विल्सन यांच्या प्रथम पत्नी लिंडसे रीड यांनी 'मिस्टर मँचेस्टर अँड द फॅक्टरी गर्ल' या २०१० च्या पुस्तकात एकटीने जे सांगितले, त्यास येथे सोबत मिळते. ४ जून १९७६ ला आपण कोठे होतो, या प्रश्नाभोवती ही संकलिका फिरत नाही.

एक रिकामी जागा मात्र सर्वच पुस्तकांत राहते. फॅक्टरी हे नाव प्रथम वापरले गेले ते १९७८ च्या मे महिन्यात, ह्यूम वस्तीतील रसेल क्लबमध्ये भरविलेल्या कार्यक्रमांसाठी. हा क्लब वेस्ट इंडियन लोकांच्या राबत्याचा होता, आणि फॅक्टरीची मंडळी आठवड्यातील एखादी रात्र तेवढी तेथे भाड्याने घेत. वरील ग्रंथांतून त्या क्लबचा उल्लेख येतो तो अंधार, ओलसर भिंती आणि स्वस्त मद्य यांच्या वर्णनापुरता. उरलेल्या रात्री तेथे जे संगीत वाजत असे त्याविषयी, आणि ते ऐकावयास येणाऱ्या माणसांना या विषण्ण गोऱ्या मुलांविषयी काय वाटत असे त्याविषयी, हे सर्व निवेदक एका वाक्यात पुढे सरकतात.